सुट्टीत गुपचूप प्रपोज, आणि त्याचे फोटो: नागपूरकडे येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी आटोपली की माझ्या फोनवर एकाच धाटणीचे मेसेज सुरू होतात. 'दादा, डिसेंबरात नागपूरला येतोय, तिला काहीच माहीत नाही, तुम्ही लपून फोटो काढाल का?' मी फोटोग्राफर, मुख्य काम लग्नं आणि साक्षगंधं (पुणे-मुंबईकरांसाठी: साखरपुडे). हे झाडामागून फोटो काढायचं काम गेल्या काही वर्षांत वाढलं. दर वेळी तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवलं. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच आहे. बहुतेक वेळा विचारणारा मुलगा असतो म्हणून तसं लिहिलंय. मुलींनी प्रश्न १२ आधी वाचला तरी चालेल.

१. नागपूरला कोणी सुट्टीत प्रपोज करायला येतं का? इथे तशी जागा तरी आहे?

येतात. काही पेंच किंवा ताडोब्याच्या सफारीला आलेले असतात, काही नोकरीला पुण्यात आणि घर नागपुरात असे. समुद्र नाही, बर्फ नाही, हे मान्य. पण शहरात तलाव आहेत, रामटेकजवळ खिंडसीचा तलाव आहे, काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा आहेत आणि सत्तरेक किलोमीटरवर पेंचचं जंगल. खासगीपणा हवा असेल तर गर्दीच्या प्रसिद्ध ठिकाणापेक्षा हे बरं. एखाद्या नावाजलेल्या पॉइंटवर तुमच्या मागे आणखी तीन जोडपी रांगेत उभी असतात, ते इथे होत नाही.

२. कोणता महिना चांगला?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. डिसेंबरात एक अडचण: विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. ते असलं की चांगली हॉटेलं भरतात, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते कधी बंद, कधी वळवलेले असतात, जागोजागी बंदोबस्त. तारखा आधी बघा. दसऱ्याच्या आसपास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो लोक शहरात येतात, तेव्हाही राहण्याची सोय अवघड असते. फेब्रुवारीअखेर ते होळी पळस फुलतो. पानं गळालेली आणि झाडभर केशरी, फोटोसाठी यापेक्षा चांगला पडदा मी तरी पाहिला नाही.

मे महिन्यात येऊ नका. पारा पंचेचाळीसवर जातो. घामाने मेकअप उतरलेला, डोळे बारीक झालेले, आणि गुडघा टेकायचा तर फरशी तापलेली. एकाने हट्टाने केलं. हो म्हणाली बिचारी, पण पहिलं वाक्य 'सावलीत चल' हे होतं.

३. सूर्यास्त किती वाजता धरायचा?

मुंबई-पुण्याचे लोक इथेच फसतात. नागपूर पूर्वेला असल्याने इथे सूर्य पुण्यापेक्षा साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधी मावळतो, मुंबईपेक्षा त्याहूनही थोडा आधी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साडेपाचलाच तो टेकतो, नाताळच्या सुमारास पाच-चाळीसला. तुम्ही पुण्याच्या सवयीने सहा धरून आलात तर अंधारात उभे राहाल. फोटोचा मऊ सोनेरी उजेड सूर्यास्ताआधीच्या पाऊण तासात असतो, म्हणजे डिसेंबरात पावणेपाच ते साडेपाच. मी 'प्रश्न विचारायची' वेळ पाच ठरवतो आणि अर्धा तास उशिराचा हिशेब मनात ठेवतो, कारण उशीर होतोच.

पहाट हवी असेल तर डिसेंबरात सूर्योदय पावणेसातच्या आसपास. तेव्हा थंडी असते आणि माणसं कमी.

४. फुटाळा तलाव बरा की अंबाझरी?

दोन्हींचा एकच प्रश्न, माणसं. फुटाळ्यावर संध्याकाळी चौपाटी असते, कणसं, पाणीपुरी, गाड्यांचे हॉर्न. 'खासगी' हा शब्द तिथे विसरायचा. मी तिथे फक्त पहाटे काम करतो. फिरायला येणारे काका-काकू असतात, पण ते दोन मिनिटं थांबून, हसून पुढे जातात. रात्री रंगीत दिव्यांसमोर विचारायचंच असेल तर फोटोग्राफरला सांगा की कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नको. एलईडी दिव्यांखाली त्याने फोटोत आडवे पट्टे येतात. हे मी स्वतः शिकलोय, एका जोडप्याच्या चेहऱ्यावरून पट्टे गेल्यावर.

अंबाझरीला मोकळी जागा जास्त मिळते. फक्त आदल्या दिवशी जाऊन बघा, कुठला भाग खुला आहे आणि कुठे काम चालू आहे.

५. खिंडसी आणि रामटेकबद्दल खूप ऐकलंय. तिथे कसं करायचं?

माझं आवडतं ठिकाण, म्हणून जरा लांबवतो. नागपूरहून रामटेक पन्नासेक किलोमीटर. कालिदासाने मेघदूतात ज्या रामगिरीवर विरही यक्षाला बसवलं, तो डोंगर म्हणजे हेच रामटेक, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. तिथे कालिदासाचं स्मारकही आहे. बायकोपासून वर्षभर दूर पडलेल्या माणसाची जागा, आणि तुम्ही तिथे वर्षानुवर्षं सोबत राहायचं विचारणार. मला हे आवडतं. काही जण याला अपशकुन म्हणतात. तुमचं तुम्ही ठरवा.

पण गडावरच्या मंदिराच्या आवारात प्रपोज करू नका. भाविकांची जागा आहे, दर्शनाची रांग आहे, आणि दुसरं म्हणजे माकडं. गडावर ती भरपूर आहेत आणि हातातलं काहीही त्यांना प्रसादच वाटतो. अंगठीची डबी खाऊसारखीच दिसते. मंदिरात दोघं आधी दर्शन घ्या, मग खाली खिंडसीला या.

खिंडसीत बोटिंग आहे. बोटीत विचारायचं असेल तर दोन गोष्टी. एक, लाइफ जॅकेट काढायचं नाही, फोटो थोडे नारिंगी आले तरी चालतील. दोन, गुडघ्यावर बसायचं नाही, बोट हलते आणि अंगठी पाण्यात गेली तर ती खिंडसीची. बसल्या बसल्या विचारा. मी काठावरून लांब लेन्सने काढतो. नावाड्याला आधीच विश्वासात घ्या. एकदा सांगायचं राहिलं आणि ऐन वेळी तो म्हणाला, 'साहेब, हे फोटोवाले भाऊ कोणाचे फोटो काढून राहिले?'

बोटीपेक्षा काठ बरा. त्यातही जेट्टीपासून लांबचा.

६. संत्र्याच्या बागेत फोटो काढता येतील?

येतील, आणि छान येतील. आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात पिकतात. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच झाडांना पुढचा बहार फुलतो; तेव्हा फळांचा रंग नसतो, पण सुवास असा असतो की कॅमेऱ्याला पकडता येत नाही याचं वाईट वाटतं. मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) फळं फेब्रुवारी-मार्चात मिळतात.

बाग ही कोणाची तरी शेती आहे. मालकाला विचारल्याशिवाय शिरायचं नाही. फवारणी कधी झाली ते विचारा. त्या दिवशी जाऊ नका. फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले असतात, त्यांना टेकून पोज द्यायची नाही. आणि चार किलो संत्री विकत घ्या, फुकट तोडू नका. बागेत पाट्या, फुगे, गुलाबाच्या पाकळ्या आणणाऱ्यांना मी हात जोडतो. इतका रंग समोर लटकतोय, त्यात प्लास्टिक कशाला?

७. सफारीत वाघ दिसल्यावर लगेच अंगठी काढली तर?

नाही. जिप्सीतून उतरता येत नाही, उभं राहून आरडाओरडा करता येत नाही, गाभा क्षेत्रातल्या सफारीत मोबाईललाही बंदी आहे, आणि शेजारी गाइड, चालक, कदाचित आणखी चार पर्यटक. वाघ दिसला तर तीही वाघच बघणार, तुम्हाला नाही. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंदही असतं. सफारी सकाळची करा, विचारायचं ते संध्याकाळी रिसॉर्टवर किंवा प्रश्न ८ प्रमाणे रात्री.

८. पेंचला ताऱ्यांखाली विचारायचंय. फोटो येतील का?

पेंच व्याघ्र प्रकल्पाचा महाराष्ट्रातला भाग जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला, म्हणजे तिथला अंधार मुद्दाम जपलेला आहे. आकाश खरोखर दाट दिसतं. पण अपेक्षा नीट ठेवा.

हिवाळ्यात आकाशगंगेचा तो फोटोंतला ठळक पट्टा दिसत नाही. त्या दिवसांत सूर्य त्याच बाजूला असतो. तो पट्टा उन्हाळ्याच्या रात्रींचा. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळनंतर पूर्वेला मृग नक्षत्र चढतं, मागोमाग व्याध. तेही पुरेसं सुंदर आहे, आणि तिला बोट दाखवून सांगता येतं.

चंद्र नको. म्हणजे अमावास्या? आजी ऐकणार नाही आणि तुम्हालाही मनात खुटखुट राहील. शुद्ध द्वितीया-तृतीया घ्या: चंद्रकोर सूर्यास्तानंतर दोनेक तासांत मावळते, पुढे काळोख, आणि तिथीही कोणी नाव ठेवणार नाही अशी.

आता फोटोचं. ताऱ्यांसाठी शटर दहा-पंधरा सेकंद उघडं ठेवावं लागतं, तेवढा वेळ माणसाने हलायचं नाही. अंगठी बघून कोणी पुतळ्यासारखं उभं राहत नाही. म्हणून मी सरळ सांगतो: खरा क्षण मंद कंदिलाच्या उजेडात, थोडा दाणेदार येईल. ताऱ्यांखालचा फोटो नंतर, दोघांनी एकमेकांना धरून स्थिर उभं राहून. फ्लॅश मारणार नाही, मागू नका. आणि रिसॉर्टच्या कुंपणाबाहेर रात्री पायी जायचं नाही. जंगल शेजारीच आहे.

९. तिला संशय न येता तिथपर्यंत कसं न्यायचं?

खोटं जितकं छोटं तितकं टिकतं. 'सकाळी तर्री-पोहा खायला जाऊ, त्याआधी तलावावर चक्कर मारू' हे नागपुरात कोणालाही खरं वाटतं. 'ऑफिसच्या मित्राच्या चुलतभावाच्या फार्महाऊसवर पार्टी आहे' यात पाच धागे आहेत, एक तरी सुटतो.

कपड्यांचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. अचानक 'छान तयार हो' म्हटलं की खेळ संपला. आदल्या दिवशीच दोघांनी एकदा छान तयार होऊन जेवायला जा, दुसऱ्या दिवशी तेच 'चल, फोटो काढू' म्हणून पुढे न्या. तिने नखं रंगवलेली नसतील तर ती नंतर हाताच्या क्लोजअपवरून भांडेल, हे मी तीन वेळा ऐकलंय. मैत्रिणीकडून काम करून घ्या. पण मैत्रीण एकच.

१०. अंगठीचं माप गुपचूप कसं घ्यायचं? आणि विमानतळावर डबी दिसली तर?

तिची रोजची अंगठी मिळाली तर कागदावर ठेवून आतल्या कडेने पेन्सिल फिरवा, किंवा साबणाच्या वडीत ठसा घ्या. सराफ आतला व्यास मोजून माप काढतो. ती अंगठी कोणत्या हाताच्या कोणत्या बोटात घालते ते बघून ठेवा. दोन्ही हातांची बोटं सारखी नसतात. शंका असेल तर किंचित मोठी घ्या. बोटात न जाणाऱ्या अंगठीचा फोटो फार केविलवाणा येतो.

अंगठी हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इन सामानात नाही. तपासणीला बॅग उघडायला सांगितली तर डबी तिच्यासमोर येते, म्हणून मी डबी वेगळी आणि अंगठी एखाद्या साध्या पाऊचमध्ये ठेवायला सांगतो. तिला रांगेत पुढे जाऊ द्या. जीन्सच्या खिशात डबीचा फुगवटा लांबून दिसतो. जॅकेटचा आतला खिसा बरा. थंडीत येण्याचं आणखी एक कारण हेच.

११. तुम्ही लपता कुठे? आणि मी नेमकं कसं उभं राहू?

झाडामागे वगैरे मी क्वचितच असतो. लपलेला माणूस लगेच दिसतो. पक्ष्यांचे फोटो काढणारा माणूस कोणाला दिसत नाही. खिंडसीला तर हे सहज खपतं. पंचवीस-तीस मीटरवरून ७०-२०० ची (लांबचं जवळ आणणारी) लेन्स, फोकसचा बीप आणि लाल दिवा बंद, शटर १/५०० च्या खाली नाही, लेन्सचं छिद्र साधारण f/४, म्हणजे दोघांचेही चेहरे स्पष्ट राहतात.

तुमचं काम असं. आदल्या दिवशी मी जागेचा फोटो पाठवतो: 'या दगडाजवळ'. तुम्ही दोघं मला आडवे दिसायला हवेत, म्हणजे तुमची पाठ माझ्याकडे नको आणि तिचीही नको. माझ्या बाजूचा गुडघा टेकवा, लांबचा वर ठेवा. डबी लांबच्या हातात, नाहीतर तुमचाच दंड सगळं झाकतो. डबी उघडण्याआधी ती सुलट आहे ना बघा. मग घाई नको. लोक चार सेकंदांत विचारून उठतात. पंधरा-वीस सेकंद तसेच राहा. तिचा हात तोंडावर जातो, ती इकडेतिकडे बघते, मग हसते किंवा रडते, तो सगळा खजिना त्या वेळात असतो.

सिग्नल एकच ठेवा: टोपी काढली की मी सुरू. खोकणं, केस सारखे करणं असले सिग्नल ठेवू नका, घाबरलेला माणूस ते दहा वेळा करतो.

आणि हो, सगळं झाल्यावर दोन मिनिटं माझ्याकडे बघूसुद्धा नका. लगेच 'ते बघ, फोटोग्राफर!' म्हणून ओरडलात की तुमच्या दोघांचा क्षण तिघांचा होतो. मला बोलवायचं तेव्हा हात करा.

१२. मी मुलगी आहे, त्याला विचारायचंय. काही वेगळं?

साडी असेल तर गुडघ्यावर बसून उठताना निऱ्यांचं काय, हे घरी एकदा करून बघा. उभ्यानेही विचारता येतं. अंगठीऐवजी घड्याळ किंवा कडं आणणाऱ्याही आहेत. बाकी सगळं तसंच. एक निरीक्षण: मुलं आधी 'मस्करी करतेस का?' म्हणतात. त्या वाक्याचा फोटो फार मजेशीर येतो, त्यामुळे गडबडू नका.

१३. फोटोग्राफर नको, दोघंच हवंय. फोनवर जमेल?

जमेल, आणि खासगीपणा खरोखर महत्त्वाचा असेल तर मी स्वतःच हे सुचवतो. माझं एक काम जाईल, जाऊ दे. फोटो काढत बसू नका, ४के व्हिडिओ लावा. त्यातली प्रत्येक फ्रेम सुमारे आठ मेगापिक्सेलची असते, घरच्या फ्रेमपुरती पुरते. फोन छोट्या ट्रायपॉडवर, आडवा, 'सूर्यास्ताचा टाइमलॅप्स लावतोय' या बहाण्याने. एअरप्लेन मोड चालू करा, नाहीतर ऐन वेळी फोन वाजून रेकॉर्डिंग बंद पडतं. स्क्रीनवर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड लॉक करा. फोनमधली जागा आधीच मोकळी करा. मिनिटाला दीडशे ते चारशे एमबी जातात. उभं राहायची जागा काडीने जमिनीवर खुणावून ठेवा. बहुतेकांचे व्हिडिओ यातच फसतात: दोघं फ्रेमबाहेर, मध्ये सुंदर रिकामा तलाव. कसं बसायचं ते प्रश्न ११ मध्ये आहेच.

१४. ड्रोन लावाल का?

शहरात नाही. ड्रोन नियम, २०२१ नुसार विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंतचा भाग लाल क्षेत्रात, म्हणजे ड्रोनबंदीच्या भागात येतो, आणि फुटाळ्याजवळच वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. व्याघ्र प्रकल्पात तर विषयच नाही. अडीचशे ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनला परवान्यात सूट आहे, पण लाल क्षेत्रात तोही विनापरवानगी उडवता येत नाही. जिथे चालतो तिथेही डोक्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज आला की ती वर बघते, तुमच्याकडे नाही.

१५. सीताबर्डी किल्ला किंवा समृद्धी महामार्ग चालेल का?

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, सर्वसामान्यांसाठी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच उघडतो, आणि त्या दिवशी अख्खं नागपूर तिथे असतं. समृद्धीवर गाडी थांबवून फोटो हा जिवाशी खेळ आहे. दीक्षाभूमीबद्दलही विचारतात, तिथे नमस्कार करायला जा, शूट करायला नको.

१६. आमच्या घरी अजून माहीत नाही. फोटो बाहेर गेले तर फार अडचण होईल.

हे आधी सांगितलंत ते बरं केलं. जात वेगळी, धर्म वेगळा, किंवा नुसतंच 'बाबांना योग्य वेळी सांगायचंय', कारण काहीही असो, मी विचारत नाही. अशा वेळी फोटोग्राफरकडून लेखी घ्या: सोशल मीडियावर नाही, कामाच्या नमुन्यांत नाही, सहायकाच्या फोनवर नाही. मी कार्ड तिथेच तुमच्या ड्राइव्हवर उतरवून देतो. फोटोतून जागा कळू नये म्हणून पाट्या, गाडीचा नंबर टाळतो. आणि नागपूर मोठं दिसत असलं तरी प्रत्येकाचा एक मामा इथे असतोच. फुटाळा टाळा, पेंच गाठा.

तुमची परवानगी मला मिळाली म्हणजे तिची मिळाली असं नाही. फोटो तिचेही आहेत. ती बघून 'हे ठेवू नका' म्हणाली तर मी ते पुसतो, पैसे तुम्ही दिलेले असले तरी.

१७. बागेत कोणी हटकलं तर?

दोन सज्ञान माणसं सार्वजनिक जागी बसून बोलत असतील तर तो गुन्हा नाही. पण तो वाद घालण्यात तुमची संध्याकाळ जाते. शांतपणे उठा, ठरवलेल्या दुसऱ्या जागी चला. म्हणून मी नेहमी दोन जागा ठरवतो. १४ फेब्रुवारीला शहरातल्या बागांमध्ये मी काम घेतच नाही.

१८. ती नाही म्हणाली तर?

लग्नाबद्दल तुमचं आधी कधीच बोलणं झालं नसेल, तर मी तारीखच देत नाही. कधी, कुठे, कसं हे गुपित असावं. 'लग्न करायचं का' हे पहिल्यांदा तलावाच्या काठावर, कॅमेऱ्यासमोर कळायला नको. आतापर्यंत असं एकदाच झालं. ती नाही म्हणाली नाही, 'मला वेळ दे' म्हणाली. मी कॅमेरा खाली केला आणि दुसरीकडे बगळे बघत बसलो. अर्ध्या तासाने ते दोघं माझ्याजवळून गेले, मी कोण हे तिला कळलंही नाही. त्याला रात्री मेसेज केला की फोटो पुसलेत, उरलेले पैसे देऊ नकोस.

१९. मी सगळं ठरवलंय, पण तिनेच त्याच ट्रिपमध्ये मला आधी विचारलं तर?

झालंय असं, खिंडसीच्या काठावर. तिच्या पर्समध्येही अंगठी होती. तिने विचारलं तेव्हा हा इतका गांगरला की टोपी काढायची विसरूनच गेला, आणि मी सिग्नलची वाट बघत बसलो. पहिले सहा-सात सेकंद गेले. आता मी नियम बदललाय: दोघांपैकी कोणीही गुडघा टेकला की सुरू.